विंगवरून आत आणलेल्या मुलाला पत्र

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. फुटबॉल अकादमीच्या नव्या प्रशिक्षकांनी तुला डाव्या विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेवरून, उचलून मधल्या फळीत, मिडफिल्डमध्ये आणलं आणि विंगवर तुझ्याहून वेगाने पळणारा मुलगा घातला. तुला किती लागलं असेल ते कळतं. लहानपणापासून तू त्या रेषेच्या कडेनेच पळत आला आहेस. आता अकादमी सोडून कोल्हापूरला परत यावं, एखाद्या तालमीकडून हंगाम खेळावा, असं तू लिहितोस. शाहू स्टेडियमवर लोक तुला पहिल्याच सामन्यात डोक्यावर घेतील, त्याबद्दल मला शंका नाही. तरीही तू आत्ता येऊ नयेस असं मला वाटतं. का, ते तुझ्याच आवडत्या खेळाडूच्या गोष्टीतून सांगतो.

अर्जेंटिनाच्या आंखेल डी मारियाचे गोल तुला पाठ आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकची फायनल, २०२१ मध्ये माराकानावर ब्राझीलविरुद्ध, २०२२ मध्ये वेम्ब्लीवर इटलीविरुद्ध, त्याच वर्षी विश्वचषकात लुसेलमध्ये फ्रान्सविरुद्ध. चार फायनल आणि चारही वेळा त्याचा गोल. पण मोबाइलवर गोल तेवढे दिसतात. मधल्या वर्षांत त्याला किती वेळा या कडेवरून त्या कडेला, कडेवरून आत, आतून परत बाहेर हलवलं, ते त्या तुकड्यांत येत नाही.

रोसारिओतल्या बालपणावर मी फार थांबत नाही, ते तू वाचलं असशील. वडील तरुणपणी रिव्हर प्लेटच्या राखीव संघापर्यंत पोचले होते, गुडघ्याने घात केला. पुढे ते घरीच कोळसा पोत्यांत भरून विकायचे आणि मुलंही हात लावायची. आई सायकलवर बसवून त्याला सरावाला न्यायची. मला महत्त्वाची वाटते ती त्याने स्वतः लिहिलेली, तुझ्या वयातली एक हकिकत. सोळाव्या वर्षी, हेडरसाठी उडी घेतली नाही म्हणून, प्रशिक्षक त्याला सगळ्या संघासमोर वाटेल तसं बोलला. तो रडत घरी आला. परत जायचं नाही असंच त्याच्या मनात होतं. आईने परत पाठवलं. पुढे वडिलांनी तीन वाटा समोर ठेवल्या: माझ्याबरोबर कामाला ये, शाळा पुरी कर, नाहीतर अजून एक वर्ष फुटबॉल खेळून बघ. आई म्हणाली, अजून एक वर्ष. त्या वर्षाच्या अगदी शेवटच्या महिन्यात, डिसेंबर २००५ मध्ये, रोसारिओ सेंट्रलने त्याला पहिल्या संघात उतरवलं. आईने जी मुदत दिली, तशी मुदत तू स्वतःला दे एवढंच मी मागतोय. हा हंगाम संपू दे.

२००७ मध्ये, कॅनडात वीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून, तो लिस्बनला बेनफिकात गेला. पोर्तुगालच का, हे तू विचारलं होतंस. स्पेनमध्ये युरोपियन संघाबाहेरच्या खेळाडूंना प्रत्येक क्लबात मोजक्याच जागा असतात. पोर्तुगालच्या क्लबांवर तसा दाब नाही. शिवाय त्यांचा धंदाच असा आहे की दक्षिण अमेरिकेतून कोवळी पोरं आणायची, खेळवून तयार करायची आणि मोठ्या क्लबांना चढ्या भावाने विकायची. पोर्तोने कोलंबियाच्या लुइस दियासला २०१९ मध्ये आणलं आणि जानेवारी २०२२ मध्ये तो लिव्हरपूलला गेला, तोही याच वाटेने. डी मारियाला मात्र तिथे लगेच जम बसवता आला नाही. सिमाओसारखा नावाजलेला विंगर नुकताच क्लब सोडून गेला होता आणि त्याच्या जागी हा एकोणीस वर्षांचा काटकुळा मुलगा. पहिली दोन वर्षं आत-बाहेर करण्यात गेली. २००९-१० मध्ये जॉर्ज जेझुस प्रशिक्षक झाले, बेनफिकाने लीग जिंकली आणि त्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदने त्याला नेलं.

माद्रिदमध्ये डावी बाजू रोनाल्डोची. म्हणून प्रशिक्षक मोरिन्योने या डावखुऱ्या पोराला उजवीकडे घातलं. तिथून आत वळून डाव्या पायाने मारायचं, आणि चेंडू गेला की आपल्या फुलबॅकपर्यंत, म्हणजे कडेच्या बचावपटूपर्यंत, मागे पळायचं. हे दुसरं काम कुणाला दिसत नाही, पण त्या संघात त्याची जागा टिकली ती मुख्यतः त्यामुळे, असं माझं मत आहे. २०११ च्या कोपा देल रेच्या फायनलमध्ये बार्सिलोनाविरुद्ध जादा वेळेत रोनाल्डोने डोक्याने मारलेला गोल आठवतो ना? तो क्रॉस याचाच.

आता नीट लक्ष देऊन वाच, कारण इथून पुढची गोष्ट तुझी आहे.

२०१३ च्या उन्हाळ्यात माद्रिदने गॅरेथ बेलला प्रचंड किंमत मोजून आणलं. बेल उजवीकडे, रोनाल्डो डावीकडे, मध्ये बेंझेमा. डी मारियाची जागा गेली. खराब खेळला म्हणून नाही, त्याच्याहून महागडा माणूस आला म्हणून. त्या मोसमात माद्रिदच्याच मैदानावर, बर्नाबेउत, प्रेक्षकांनी त्याची हुर्योही उडवली. नवे प्रशिक्षक कार्लो अँचेलोत्ती यांनी त्याला आत ओढलं आणि तिघांच्या मिडफिल्डमध्ये, शाबी अलोन्सो आणि मोद्रिचच्या शेजारी, डावीकडे खेळवलं.

विंगवर रेषा तुझी पाठ राखते. प्रतिस्पर्धी येणार तो एकाच बाजूने, त्यामुळे चेंडू पायात आल्यावर बघितलं तरी चालतं. आत तसं नाही. तिथे माणूस पाठीमागूनही येतो, म्हणून चेंडू यायच्या आधीच खांद्यावरून मागे बघून घ्यावं लागतं. विंगवर एक चाल फसली तर थ्रो-इन जातो, मध्ये फसली तर थेट आपल्या गोलवर हल्ला. त्यात रोनाल्डो बचावाला फारसा मागे यायचा नाही, त्यामुळे डावीकडे पडणारं खिंडार डी मारियालाच बुजवावं लागे. आणि चेंडू हिसकावला की तोच पायात घेऊन, दोघा-तिघांना मागे टाकत, तीस-चाळीस मीटर पुढे न्यायचा. विंगरचं ड्रिबल त्याने टाकलं नाही, ते मैदानाच्या मध्यावर आणलं. मिडफिल्डर पास देऊन समोरच्या संघाच्या फळ्या मोडतात. हा पळून मोडायचा, आणि असा माणूस समोरच्या संघाने हिशेबात धरलेला नसतो. त्या मोसमात स्पेनच्या ला लीगात सर्वाधिक असिस्ट, म्हणजे गोलआधीचे शेवटचे पास, त्याचे होते, १७.

२४ मे २०१४ ची चँपियन्स लीग फायनल लिस्बनला झाली, बेनफिकाच्याच मैदानावर. आतलेतिको माद्रिद पुढे होता. सर्जिओ रामोसने ९३ व्या मिनिटाला बरोबरी केली आणि सामना जादा वेळेत गेला. ११० व्या मिनिटाला सगळ्यांच्या पायांत गोळे आलेले असताना डी मारिया डावीकडून चेंडू घेऊन निघाला, बचावपटूंना चुकवत आत घुसला, मारलं. गोलकीपर कोर्त्वाने पायाने अडवलं, चेंडू उडाला आणि पलीकडच्या खांबापाशी बेलने डोक्याने आत घातला. ज्याच्यामुळे जागा गेली त्यालाच गोल मिळाला. सामनावीर डी मारिया. हा सामना पूर्ण बघ, तुकडे नकोत. चेंडू त्याच्याकडे नसताना तो कुठे उभा आहे, तेवढंच बघ.

पण मी तुला गोड गोष्ट सांगून फसवणार नाही. इतकं करूनही त्याच उन्हाळ्यात माद्रिदने त्याला विकलं. ब्राझीलच्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध मांडी दुखावली होती आणि फायनलच्या दिवशी माद्रिदचं, हा सामना खेळू नये अशा अर्थाचं, पत्र आलं, ते न उघडताच फाडलं, असं त्याने पुढे सांगितलं आहे. फायनल त्याला खेळता आली नाही, अर्जेंटिना हरला.

मग मँचेस्टर युनायटेड. त्या वेळची ब्रिटनमधली विक्रमी रक्कम, ५.९७ कोटी पाउंड, आणि ७ नंबरचा शर्ट. तिथेही जागा बदलली: कधी डायमंडमध्ये, म्हणजे चौकटच्या आकारात उभ्या मिडफिल्डमध्ये, आत, कधी विंगवर, कधी पुढे स्ट्रायकरच्या जोडीला. सुरुवात झकास झाली, मग घसरण. कुटुंब घरात असताना चोर शिरायचा प्रयत्न करून गेले, तेव्हापासून घरच्यांचा जीव तिथे रमेना. वर्षभरात तो पॅरिसला निघून गेला. लोक म्हणतात इंग्लंड त्याला झेपलं नाही. मला ते पटत नाही. माद्रिदमध्ये त्याची जागा बदलली तेव्हा तिच्यामागे एक हिशेब होता आणि तो हिशेब त्याला माहीत होता. मँचेस्टरमध्ये मला तसा हिशेब दिसत नाही, जिथे भोक पडेल तिथे त्याला लावल्यासारखं वाटतं. तुझ्या बाबतीत यातलं काय चाललंय, हे मला इथून सांगता येणार नाही. म्हणून प्रशिक्षकांना विचार. रागाने नको, सगळ्यांसमोर नको. सरावाआधी लवकर जा आणि म्हण, सर, मला आत आणलंत, तर तिथे माझ्याकडून नेमकं काय हवंय? त्यांनी दोन-तीन ठोस गोष्टी सांगितल्या तर वहीत लिहून घे आणि रोज त्यांवर काम कर. हंगामाच्या शेवटापर्यंत काहीच नीट सांगितलं नाही, तर तेव्हा आपण दुसऱ्या अकादमीचा विचार करू. तोवर घाई नको.

हे एकट्या डी मारियाचंच आहे असं समजू नकोस. राफिन्या ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रेच्या रेस्तिंगा वस्तीतला. गिमारायश, स्पोर्टिंग, रेन, लीड्स अशा पायऱ्या चढत २०२२ मध्ये बार्सिलोनाला पोचला. त्याची हक्काची जागा उजवी विंग. ती लामिन यामाल नावाच्या कोवळ्या पोराने घेतली. २०२४ मध्ये हान्सी फ्लिक प्रशिक्षक म्हणून आले आणि राफिन्याला डावीकडून आत, स्ट्रायकरच्या मागेपुढे धावायला लावलं. त्या मोसमात त्याने सगळ्या स्पर्धा मिळून ३४ गोल केले, त्यातले १३ चँपियन्स लीगमधले. स्वतःच्या लाडक्या जागेवर त्याला तेवढे कधीच जमले नव्हते.

आणि लुसेल. १८ डिसेंबर २०२२. त्या विश्वचषकात डी मारिया दुखापतीने बेजार होता, क्रोएशियाविरुद्धची सेमीफायनल तो खेळलाच नाही. वय ३४. राष्ट्रीय संघात तो बहुतेक वेळा उजवीकडे खेळायचा. फायनलला प्रशिक्षक स्कालोनीने त्याला डावीकडे उभं केलं. फ्रान्सच्या त्या बाजूला कुंदे आणि देंबेले होते, आणि देंबेलेला मागे येऊन बचाव करायची सवय कमी. तेवीस मिनिटं होतात न होतात तोच देंबेलेने त्याला बॉक्समध्ये पाडलं, पेनल्टी, मेस्सीचा गोल. ३६ व्या मिनिटाला मॅक ॲलिस्टरच्या पासवर त्याने दुसरा केला आणि मैदानातच त्याला रडू फुटलं. ६४ व्या मिनिटाला त्याला बदललं. पुढे ८० व्या आणि ८१ व्या मिनिटाला एम्बापेने दोन गोल मारले, हे तुला माहीत आहे. उजवी, डावी, आत, बाहेर, सगळीकडे खेळून झालेला माणूस होता म्हणून प्रशिक्षकाला आयत्या वेळी तो डाव टाकता आला.

आता तुझ्या सरावाबद्दल. उजवा पाय. आत खेळताना नुसत्या डाव्या पायावर भागणार नाही, तुला नेहमी एकाच बाजूला वळवून अडकवतील. भिंतीवर उजव्या पायाने पास मार आणि चेंडू परत येईपर्यंत एकदा मागे बघ, प्रत्येक वेळी. मांडीच्या मागच्या स्नायूंना जप. डी मारियाची कारकीर्द त्यांनीच पुन्हा पुन्हा अडवली. झोप कमी करून मोबाइल बघणं बंद कर, हे मी प्रेमाने सांगतोय.

शेवटी तो एजंट. पोर्तुगालला ट्रायल करून देतो आणि त्यासाठी घरून पैसे मागतोय, असं तू लिहिलंस. फिफाच्या नियमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबात नोंदणी होत नाही. मोजके अपवाद आहेत, त्यातला एकही तुला लागू पडत नाही. ब्राझीलच्या व्हिनिसियुसचा करार रेआल माद्रिदने २०१७ मध्येच फ्लामेंगोशी केला होता, पण अठरा पूर्ण होईपर्यंत, जुलै २०१८ पर्यंत, तो ब्राझीलमध्येच राहिला. त्याला जे शक्य झालं नाही ते हा माणूस सोळाव्या वर्षी तुला करून देणार? एक पैसाही देऊ नका. बाबांना माझा निरोप सांग, आणि त्या माणसाने काही कागदावर सही घेतली असेल तर त्याचा फोटो मला आजच पाठव. अकादमीने तुझी नोंदणी फेडरेशनच्या यंत्रणेत केली आहे का, तेही ऑफिसात विचारून ठेव. पुढे खरंच बाहेरच्या क्लबाने घेतलं तर तू बारा वर्षांचा असल्यापासून कुठे खेळलास याची नोंद लागते, आणि तुला घडवणाऱ्या क्लबांचा वाटाही त्यावरूनच ठरतो.

प्रशिक्षक काय म्हणाले ते कळव. आईला नमस्कार.

तुझा,
सर