कर्ज फेडलं, शपथ घेतली, तरी तो पुन्हा खेळला

"दोनदा त्याचं कर्ज फेडलं. त्याने आईची शपथही घेतली. तरी पुन्हा तेच. आता तिसऱ्यांदा फेडायचं का?" जुगाराच्या व्यसनाबद्दल घरची माणसं मला बहुतेक वेळा हेच विचारतात. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका कुटुंबाबद्दल सांगते.

तो घरातला थोरला. वडील थकल्यावर सगळे व्यवहार त्याच्याकडे आले. मोबाइलवर सामन्यांवर पैसे लावायला लागला, हरला, आणि गेलेले पैसे परत मिळवायला आणखी मोठी रक्कम लावत गेला. चारचौघांत नाचक्की नको म्हणून घरच्यांनी दोन्ही वेळा गुपचूप कर्ज मिटवलं. प्रेमापोटीच. पण तगादा थांबला की बदलायची निकडही संपायची. शिवाय लपून राहणं या व्यसनाला सोपंच जातं; तोंडाला वास येत नाही, पाय लडखडत नाहीत.

वडिलांच्या मते हा संस्कारांचा प्रश्न होता, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या अपयशाचा. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात घेतला, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते.

पैशाचे व्यवहार काही काळ दुसऱ्याकडे द्या, असा सल्ला आम्ही देतो आणि तो उपयोगी पडतो. इथे मात्र थोरलेपण म्हणजेच पैशाची जबाबदारी होती. ती नुसती काढून घेतली असती तर तो शरमेने आणखी लपवालपवी करू लागला असता. म्हणून खाती धाकट्या बहिणीकडे गेली, पण आईवडिलांचं औषधपाणी आणि घरातले मोठे निर्णय त्याच्याकडेच राहिले. मुलीच्या हाती व्यवहार देणं वडिलांना फार जड गेलं. त्यावरच बरंच बोलावं लागलं.

गॅम्बलर्स अनॉनिमस या, जुगार सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या गटाच्या बैठका १९५७ पासून चालू आहेत. अनोळखी माणसांत मन मोकळं करणं अनेकांना सोपं जातं. त्याला ते जमेना. तो ज्यांचा शब्द मानायचा, त्या काकांना त्याने स्वतःच सगळं सांगितलं.

पुढे एका समारंभात नातेवाइकांनी पत्त्यांच्या डावाला बसवलं. मोठ्यांना नाही कसं म्हणायचं, म्हणून बसला आणि पैसे लावले. पण दुसऱ्याच दिवशी बहिणीला सांगून मोकळा झाला. मला ही मोठी प्रगती वाटली, कारण पूर्वी घरच्यांना कळायला महिने लागत. त्यानंतर अशा वेळी काकाच म्हणू लागले, "तो खेळणार नाही, माझ्याशेजारी बसू दे."

तर तिसऱ्यांदा फेडायचं का? गुपचूप आणि एकरकमी नको. त्याला समोर बसवून सगळ्या देण्यांची यादी करा आणि हप्ते त्याच्याच कमाईतून जाऊ द्या. मात्र कर्ज उघडं पडतं तेव्हा जीव द्यायचे विचार मनात येऊ शकतात. तसं काही मनात येतं का, हे त्याला थेट विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.