चांगली नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जावं का? सुखाची इच्छा धरणं ख्रिस्ती माणसासाठी चूक आहे का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात बरी नोकरी आहे, फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, मूल लहान आहे आणि तरीही गावाकडच्या मिशन वसतिगृहात काम करायची ओढ मनातून जात नाही.

सुखाची इच्छा चूक नाही. प्रभू येशू काना गावच्या लग्नाला गेला, बेथानीला मार्था-मरीयेच्या घरी पाहुणचार घेतला. पण समोरच्याची निकड आणि आपली सोय एकमेकींच्या आड आल्या की त्याने सोय बाजूला ठेवली.

मला इथे पंडिता रमाबाई आठवतात. इंग्लंड-अमेरिका पाहिलेली, संस्कृतवर प्रभुत्व असलेली ही बाई व्याख्यानं देत मानाने जगू शकली असती. १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, म्हणून त्यांना केडगावच्या जमिनीवर नेलं. तिथे राहायला धड इमारती नव्हत्या. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गेले होते, त्या मुलींची भूक त्यांना ऐकून माहीत नव्हती. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणायचं काम अंगावर घेतलं. छपाईचे खिळे जुळवायला मुक्ती मिशनमधल्या, म्हणजे त्यांच्या केडगावच्या आश्रमातल्याच मुली. १९२१मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी भाषांतर थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्या वारल्या. मला वाटतं, रमाबाई त्याग करायचा म्हणून निघाल्या नव्हत्या. माणसं मरत होती म्हणून निघाल्या. तुमची ओढ वसतिगृहातल्या मुलांसाठी आहे की नोकरीच्या कंटाळ्यातून आली आहे, हे प्रार्थनेत नीट तपासा.

आणि राजीनाम्याची घाई नको. प्रेषित पौलाने करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवून पोट भरलं आणि सुवार्ताही सांगितली. आधी महिन्यातले दोन शनिवार-रविवार वसतिगृहात राहून बघा. सेवेची खरी परीक्षा फार साध्या जागी होते. रविवारची उपासना झाली, जेवण झालं, जरा आडवं व्हावं तर पाळकांचा, म्हणजे आपल्या चर्चच्या धर्मगुरूंचा फोन: चर्चच्या मंडळीतल्या आजींना दवाखान्यातून घरी आणायचंय, तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्या वेळी कुरकुर न करता चप्पल घालता येते का, ते स्वतःत बघा. मला हे सोपं जातं असं नाही, पण आजींना खुर्चीत बसवून जिना चढवताना थकव्याचा विचारच येत नाही.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगेन. कवी ना. वा. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो पत्नी लक्ष्मीबाईंना अंधारात ठेवून. पुढची कित्येक वर्षं त्या माउलीने ताटातूट आणि लोकांचे बोल सोसले. टिळकांबद्दल मला अपार आदर आहे, त्यांची भजनं गातच मी वाढले. पण पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, एकाला आणि त्याची झळ दुसऱ्याला, असं तुमच्या घरात होऊ नये. पत्नीचं मत काय, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. हप्ते, मुलाची शाळा, तिची नोकरी हे सगळं समोर ठेवून आधी तिच्याशी बोला. ती नको म्हणाली तर थांबा, आणि दोघांनी मिळून प्रार्थना करा.