स्वच्छ हवेची किंमत उत्पन्नाहून जास्त कशी?

प्रश्न : हवेतलं प्रदूषण मोजणाऱ्या चार केंद्रांच्या आसपासच्या ३०० घरांत आम्ही ‘एकूण आयुष्याबद्दल किती समाधानी आहात?’ असं ० ते १० या मापावर विचारलं. उत्पन्न आणि हवेतल्या पीएम २.५ची (अतिसूक्ष्म धूलिकणांची) वार्षिक सरासरीही घेतली. प्रदूषण घटल्याने जेवढं समाधान वाढतं, तेवढंच वाढवायला किती उत्पन्न लागेल, ती हवेची किंमत धरली. पण घनमीटरमागे ३० मायक्रोग्रॅमच्या घटीची किंमत लोकांच्या उत्पन्नापेक्षाही जास्त निघते आहे. चूक कुठे?

उत्तर : बहुधा दोन ठिकाणी. पहिली साध्या गुणाकारात. समाधानाचं नातं उत्पन्नाच्या नैसर्गिक लॉगशी जोडतात, कारण तेवढ्याच वाढीव रकमेचं मोल गरिबाला जास्त असतं. समजा, लॉग उत्पन्नाचा सहगुणक (ते एकाने वाढलं की समाधान किती बदलतं, तो आकडा) ०.५ आला आणि दर मायक्रोग्रॅममागे प्रदूषणाचा उणे ०.०२. उत्पन्न १०० धरलं, तर एका मायक्रोग्रॅमची किंमत ०.०२ भागिले ०.५ गुणिले १००, म्हणजे ४. आता ३० मायक्रोग्रॅमसाठी सरळ ४ × ३० केलं की १२० येतात आणि माणूस उत्पन्नाहून जास्त द्यायला तयार झालेला दिसतो! मोठ्या बदलासाठी सूत्र वेगळं : १०० × (१ − ई चा उणे १.२ वा घात). इथे ई म्हणजे नैसर्गिक लॉगचा पाया, सुमारे २.७१८, आणि १.२ म्हणजे ०.०२ × ३० भागिले ०.५. उत्तर सुमारे ७०.

तरीही ७० फारच झाले. इथे दुसरी चूक शोधा, ती उत्पन्नाच्या सहगुणकात असते. हा आकडा छेदात बसतो, त्यामुळे तो जितका लहान, तितकी हवा महाग. वरच्या उदाहरणात ०.५च्या जागी १.५ घालून पाहा, ७०चे ३३ होतात. तो लहान का येतो? लोक उत्पन्न अंदाजे सांगतात, आणि मोजण्यातल्या अशा चुका सहगुणकाला शून्याकडे ओढतात. शिवाय जास्त कमावणारा बरेचदा जास्त तास राबतो आणि त्याचं समाधान तिकडे गळतं. म्हणून कामाचे तास वेगळे नोंदवा, एका महिन्याऐवजी दोन-तीन वर्षांची सरासरी घ्या आणि कुटुंबाच्या उत्पन्नाला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा.

आता जरा कटू गोष्ट. उत्तरं ३०० असली तरी हवेच्या नोंदी चारच आहेत. जिथे धूळ जास्त तिथे रहदारीचा गोंगाटही जास्त, आणि चार ठिकाणांच्या जोरावर या दोन्हींचा परिणाम वेगळा काढता येणार नाही. ठिकाणं वाढवा, नाहीतर त्याच ठिकाणी काही वर्षं पुन्हा विचारा. जर्मनीत वीजकेंद्रांवर गंधक काढणारी यंत्रणा बसली, तेव्हा वारा ज्या बाजूला वाहतो तिथल्या आणि उलट बाजूच्या लोकांच्या समाधानातल्या बदलाची तुलना करून किंमत काढली गेली. अशी संधी मिळाली तर सोडू नका.

घरभाडंही विसरू नका. धुरकट भागात भाडं कमी असेल, तर त्रासाची थोडी भरपाई लोकांना आधीच मिळालेली असते. भाडं समीकरणात न घेतल्यास तुम्हाला फक्त उरलेला त्रास दिसतो. आणि समाधानाचा प्रश्न हवेचा विषय निघण्याआधी विचारा. नंतर विचारलात तर उत्तर हवेवरच रेंगाळतं.

प्रश्न : त्यापेक्षा लोकांना थेट ‘किती पैसे द्याल?’ असं विचारलं तर?

उत्तर : विचारा, पण रक्कम त्यांच्यावर सोपवू नका. १९८९मध्ये अलास्कात एक्झॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडलं, त्यानंतर ही पद्धत विश्वासार्ह आहे का, यावर मोठा वाद झाला. अर्थतज्ज्ञ केनेथ अॅरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या समितीने १९९३मध्ये सांगितलं ते आजही कामाचं आहे : ठरावीक रकमेवर हो-नाही असं मत घ्या, समोरासमोर विचारा, आणि हा पैसा दिल्यावर बाकी खर्चाला तेवढा कमी उरेल याची आठवण करून द्या. वेगवेगळ्या गटांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळी रक्कम द्या. ‘नाही’ म्हणणाऱ्याला कारण विचाराच. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावं’ असं म्हणणाऱ्याला हवा नकोशी नसते, त्यामुळे त्याचं शून्य खऱ्या शून्यात मिसळू नका.