जाहिरात एजन्सीला पैसे द्यायचे ते नेमके कशाचे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

नवरात्र तोंडावर आली की आपल्या बडोद्यात गरब्याचे पास आणि जाहिरातींचे बोर्ड एकाच वेळी दिसायला लागतात, आणि या वेळच्या पत्रांतही जाहिरात, एजन्सी, होर्डिंग हेच जास्त होतं. मी स्वतः आधी मुंबईत आणि मग अहमदाबादला बरीच वर्षं एजन्सीतच काम केलंय, विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय.

ताई, आमचं मांजलपूरला घरगुती फरसाणचं काम आहे, लीलो चेवडो आणि भाकरवडी. सासूबाईंनी सुरू केलं, आता मी आणि मिस्टर बघतो. इथलं गिऱ्हाईक बांधलेलं आहे पण आता पुण्या-मुंबईला माल पाठवायचाय. पहिल्याच खेपेला पुण्याच्या एका दुकानदाराने चेवडो सादळलाय म्हणून परत केला. एका एजन्सीने महिन्याचा रिटेनर, म्हणजे दर महिन्याची ठरलेली फी, सांगितलीय आणि वर जाहिरातीच्या खर्चावर 15 टक्के. द्यावेत का एवढे? भाचा म्हणतो मामी, रील्स टाक, एजन्सी कशाला. पाकिटाचा फोटो सोबत पाठवतेय.

आधी त्या 15 टक्क्यांचं सांगते कारण सगळी मेख तिथेच आहे. एजन्सी हा धंदा सुरू झाला तोच पेपरातली जागा विकण्यापासून. 1840च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाला व्होल्नी पामर नावाचा माणूस वर्तमानपत्रांसाठी जाहिराती गोळा करायचा आणि पेपरवाल्यांकडून कमिशन घ्यायचा, मजकूर लिहून देणं चित्र काढून देणं हे सगळं नंतर चिकटलं. आपल्याकडे पण तेच रुजलं, इंडियन न्यूजपेपर सोसायटीची मान्यता असलेल्या एजन्सीला पेपर बिलावर 15 टक्के देतात, म्हणजे 1 लाखाची जाहिरात आली तर एजन्सी तुमच्याकडून 1 लाख घेणार आणि पेपरला 85 हजार भरणार. क्लायंटला वाटतं आपल्या खिशातून एजन्सीला काहीच गेलं नाही. पण जेवढा खर्च मोठा तेवढं कमिशन मोठं, त्यामुळे "बाई, तुम्हाला एवढ्या जाहिरातीची गरजच नाही" हे वाक्य एजन्सीच्या तोंडून सहसा निघत नाही. माणसं वाईट नसतात हो, पैशाची वाटच तशी आहे.

तेव्हा त्यांना सरळ विचारा, पेपर नि रेडिओकडून मिळणारं कमिशन तुम्ही ठेवणार आणि वर माझ्याकडूनही 15 टक्के घेणार का? दोन्हीकडून घेत असतील तर नाही म्हणा. इन्स्टा-गुगलवर असं ठरलेलं कमिशन लहान एजन्सीला मिळत नाही, तिथे काम सांभाळायची फी मागितली तर ती रास्त आहे, फक्त ती आणि प्रत्यक्ष जाहिरातीचा खर्च बिलात वेगवेगळे दाखवायला सांगा. आणि पेज, वेबसाइटचं नाव, जाहिरातीचं अकाउंट हे सगळं तुमच्या नावावर, तुमच्या मोबाइल नंबरवर हवं, एजन्सीच्या नाही. पाकिटाच्या डिझाइनची ओपन फाइल, म्हणजे पुढे बदल करता येतील अशी मूळ फाइल, पण मागून घ्या. एजन्सी सोडायची वेळ आली की लोकांना कळतं आपलं पेज आपलं नव्हतंच, अशी पत्रं मला दर दोन-तीन महिन्यांनी येतात आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आता तुमचं पाकीट. फोटो मोठा करून नीट बघितला. समोर लाल-पिवळे झोत, मधे नाव तीन लिप्यांत, शुद्ध, स्वादिष्ट, घरगुती, स्पेशल असे चार शब्द चार वेगळ्या अक्षरांत, कोपऱ्यात अंबामाता, एक वाटी, आणि वाटीत जे दिसतंय तो पोह्यांचा चिवडा आहे! कुठून तरी नेटवरून घेतलेला फोटो असणार. म्हणजे पुण्याच्या माणसाला तुम्ही पाकिटावर पोह्यांचा चिवडा दाखवलात आणि आत निघाला बटाट्याचा कीस, चण्याची डाळ, हिरवी मिरची, आंबटगोड आणि बोटाला मऊ लागणारा. त्याने सादळलाय म्हटलं तर त्याचं काय चुकलं? त्याच्या घरी चिवडा म्हणजे कुरकुरीत. आपल्याला लहानपणापासून माहितेय की लीलो चेवडो असाच मऊ असतो, खंडेराव मार्केटजवळ कुणाला ते सांगावं लागत नाही, पण पुण्यात ते कुणीतरी सांगायला हवं, पाकिटावर, दुकानदाराला, गिऱ्हाइकाला. एजन्सीचं काम हेच आहे. विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत तिथे मधे उभं राहून ओळख करून देणं, आणि ती खरी करून देणं.

त्यामुळे माझं मत असं की पहिल्याच मिटिंगला ज्यांनी तुम्हाला बजेट आणि लोगोचा रंग एवढंच विचारलं त्यांच्याकडे जाऊ नका. माल का परत आला, किती दिवस टिकतो, कोण खातं, कशासोबत खातं, हे विचारणारे भेटले तर त्यांना पैसे द्या, पण लगेच रिटेनर नको. आधी एवढंच काम द्या, नवीन पाकीट आणि मऊपणाबद्दल एक स्वच्छ वाक्य. आवडलं तर पुढचं. पॅकिंगची तारीख पण ठळक करा हो, फोटोत ती वाचताच येत नाहीये, आणि मऊ मालावर तारीख पुसट असली की संशय अजून वाढतो. भाच्याचं म्हणणं चूक नाही, बटाटा किसण्यापासून कढईपर्यंत रील जरूर करा, पण काय सांगायचं ते ठरल्यावर करा.

माझे जावई मुंबईत लोअर परेलला एका जाहिरात एजन्सीत क्लायंट सर्व्हिसिंगला आहेत. लेक सांगते रोज रात्रीचे अकरा-बारा, शनिवारी पण ऑफिस. एवढं काय काम असतं? आणि हे बडोद्यात बसून होत नाही का? (कारेलीबागेतून एक आई)

काकू, तुमची काळजी अगदी समजू शकते, माझी आईही हेच विचारायची.

सर्व्हिसिंगचा माणूस दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारा असतो. क्लायंटकडून ब्रीफ, म्हणजे त्याला काय हवंय ते, आणायचं, मजकूर लिहिणाऱ्या कॉपीरायटरला आणि चित्र-मांडणी बघणाऱ्या आर्ट डायरेक्टरला समजावायचं, त्यांनी केलेलं क्लायंटला दाखवायचं, क्लायंट म्हणतो लोगो मोठा करा, आर्टवाले म्हणतात नाही करणार, मग पुन्हा दोन्हीकडे फोन. त्यात पिच आली की संपलंच. पिच म्हणजे एकाच कामासाठी चार-पाच एजन्सी आपापली कल्पना घेऊन जातात, काम एकीलाच मिळतं, आणि बाकीच्यांनी रात्री जागून केलेलं बहुतेक वेळा फुकट जातं. मी हे इतक्या वर्षांत बघितलंय म्हणून ठासून सांगते, या रात्री कामामुळे होत नाहीत, क्लायंटने संध्याकाळी सातला "सकाळी दहाला पाठवा" म्हटल्यावर कुणी नाही म्हणत नाही म्हणून होतात. हे बदलायला पाहिजे आणि ते मालकांनीच बदलायला पाहिजे, तुमच्या जावयांच्या हातात ते नाही.

बडोद्यातून का नाही? कारण जिथे क्लायंटची मोठी ऑफिसं तिथे एजन्सी, हे पहिल्यापासून. 1905 साली गिरगावात दत्ताराम आणि कंपनी सुरू झाली, ती देशातली सगळ्यात जुनी एजन्सी मानतात. 1929 साली जनरल मोटर्सच्या कामासाठी अमेरिकेतली जे. वॉल्टर थॉम्पसन मुंबईत आली, 1939 साली लिव्हरची लिंटास आली. पेपर तिथे, छापखाने तिथे, सिनेमाचे स्टुडिओ, आवाज देणारे कलाकार सगळे तिथे, आणि 1976 पासून दूरदर्शनने जाहिराती घ्यायला सुरुवात केल्यावर तर हे सगळं आणखीच घट्ट झालं.

आणि एक सांगू, या एजन्सींनी मोठ्या शहरात एक फार चांगली गोष्ट केलीय जिची दखल घेतली जात नाही. लिहिणाऱ्या, चित्र काढणाऱ्या, नाटक करणाऱ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार दिला. अरुण कोलटकर जाहिरातीतच आर्ट डायरेक्टर होते. श्याम बेनेगल लिंटासमध्ये कॉपीरायटर होते, सत्यजित राय कोलकात्याला कीमर नावाच्या एजन्सीत चित्रं काढत होते, अलेक पदमसी दिवसा लिंटास चालवायचे आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमी. कवितेवर खोलीचं भाडं निघत नाही, एजन्सीच्या पगारावर निघायचं. त्या शहरांतल्या किती कलेच्या मागे कुठलातरी साबण आणि बिस्किटं उभी आहेत! जावयांना विचारा, त्यांच्या ऑफिसात आजही एखादा कवी नक्की असेल.

मी फाइन आर्ट्सला अप्लाइड आर्ट्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला मुंबईला एजन्सीत जायचंय, बाबा म्हणतात फार तर अहमदाबादपर्यंत जा. आणि आता एआय आल्यावर आर्टवाल्यांना काम राहणार का?

जा. पण बाबांचं पूर्ण चूक आहे असं समजू नकोस. अहमदाबादला 1980 साली ए. जी. कृष्णमूर्तींनी मुद्रा सुरू केली ती विमलच्या कपड्यांसाठी, रसना त्यांनीच घराघरात नेलं, आणि बघता बघता मुंबईच्या मोठमोठ्या एजन्सींच्या रांगेत जाऊन बसली. अहमदाबादजवळ शेला गावातली मायका, जिथे जाहिरातीचं शिक्षण मिळतं, ती संस्थाही त्यांनीच 1991 साली काढली. तेव्हा गुजरातेत बसून होत नाही असं काही नाही. आणि उलटं पण आहे, अमूलचं दूध आपल्या शेजारच्या आणंदचं आणि ती ठिपक्यांच्या फ्रॉकवाली मुलगी 1966 साली मुंबईच्या एजन्सीत जन्मली, सिल्व्हेस्टर डाकुन्हांनी कल्पना केली, युस्टेस फर्नांडिसांनी काढली. कुरियनसाहेबांनी त्यांना दर वेळी मंजुरीला पाठवायची अटच ठेवली नाही, म्हणून आजची बातमी लगेच होर्डिंगवर येऊ शकते. इतका विश्वास टाकणारा क्लायंट मिळाला तर शहर कुठलंही असू दे, तिथे काम कर.

मुंबईला मी जा म्हणते ते शिकण्यासाठी, कारण तिथे एकाच मजल्यावर आठ-दहा वेगवेगळ्या मालांचं काम चाललेलं दिसतं आणि तुझ्यापेक्षा हुशार माणसं शेजारी बसलेली असतात. पहिला पगार भाड्यातच जाईल, ते बाबांशी आधीच मोकळं बोलून घे. पोर्टफोलिओत फक्त गुळगुळीत फायनल नको ठेवूस, कच्ची स्केचेस, फेकून दिलेल्या कल्पना, का फेकल्या ते, हे पण ठेव. मी मुलाखती घ्यायचे तेव्हा मला तीच पानं बघायची असायची.

एआयचं म्हणशील तर बसल्या जागी ढीगभर लेआउट निघतात हे खरंच आहे आणि नुसतं आर्टवर्क करणाऱ्यांचं काम त्याने कमी होणार, यात खोटा धीर मी देणार नाही. पण त्यातलं कुठलं खरं आणि कुठलं नुसतंच छान दिसतंय हे बघणारा डोळा लागतोच. वर त्या मांजलपूरच्या ताईंचं पाकीट वाच, मशीनने पण वाटीत पोह्यांचाच चिवडा काढला असता. आणि तू बडोद्याची आहेस हे विसरू नकोस गं, रविवर्म्याला "तुझी चित्रं छापून घरोघर जाऊ देत" असं सुचवणारे माधवराव इथलेच दिवाण होते, पुढे 1894 साली मुंबईला त्याचा छापखाना निघाला आणि त्याच लक्ष्मी-सरस्वती दुकानांच्या कॅलेंडरवर जाऊन बसल्या.

रेसकोर्स, अलकापुरीकडे झाडं दिसत नाहीत एवढे बोर्ड झालेत. शहराला यांची खरंच गरज आहे का? (दांडिया बाजारचे एक निवृत्त शिक्षक)

सर, थोड्यांची आहे, एवढ्यांची नाही. महापालिकेला त्यातून उत्पन्न मिळतं, लहान धंदेवाल्याला पेपरपेक्षा चौकातला बोर्ड परवडतो. पण 13 मे 2024 ला घाटकोपरला वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून 17 माणसं गेली, ते 120 बाय 120 फुटांचं होतं आणि तिथे 40 बाय 40 च्या वर परवानगीच नाही. ब्राझीलच्या साओ पावलो शहराने 2007 पासून सगळे बोर्ड काढूनच टाकले आणि धंदे तरी चालू आहेत. मला वाटतं प्रत्येक बोर्डावर परवाना नंबर, मुदत आणि सांगाड्याच्या तपासणीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहायची सक्ती हवी. तुम्ही वॉर्ड ऑफिसात लेखी विचारा, असं पत्र शिक्षकाने दिलं की वजन पडतं.

मुलाच्या बारावीसाठी क्लास शोधतोय. एकाच टॉपर मुलाचा फोटो दोन वेगवेगळ्या क्लासेसच्या बोर्डावर आहे! याची तक्रार कुठे?

हे फार चाललंय आणि पालकांची सरळ फसवणूक आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढलेत, त्या मुलाची लेखी संमती हवी, आणि त्याने कुठला कोर्स केला, किती दिवसांचा, पैसे भरून की फुकट, हे फोटोसोबत लिहायलाच हवं. अनेकदा एका क्लासला तो वर्षभर असतो आणि दुसऱ्याकडे फक्त टेस्ट सिरीज दिलेली असते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. शिवाय जाहिरातवाल्यांचीच 1985 सालची ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल आहे, तिच्याकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते, ती दंड करत नाही पण जाहिरात बदलायला किंवा मागे घ्यायला सांगते. दोन्हीकडे करा. तक्रारीआधी दोन्ही बोर्डांचे फोटो आजच काढून ठेवा, चौकाचं नाव फोटोत येईल असे, कारण निकालाचा सीझन संपला की बोर्ड उतरतात आणि मग दाखवायला हातात काही राहत नाही.