ट्रेनर म्हणतो मास गेनर आणि बीसीएए घेतल्याशिवाय अंग भरणार नाही. घेऊ का?

नका घेऊ. निदान महिनाभर थांबा. तुम्ही लिहिलंय की वजन ५८ किलो, जिम लावून दीड महिना झाला आणि ट्रेनरनं साडेसहा हजारांची यादी हातात दिली. मी नाशिकलाच, कॉलेज रोडच्या एका सप्लिमेंटच्या दुकानात दोन वर्षं काउंटरला होतो. ट्रेनरनं पाठवलेल्या गिऱ्हाइकाच्या प्रत्येक डब्यामागे त्याचं कमिशन ठरलेलं असायचं. त्या हिशेबाची वेगळी वही होती. सगळे ट्रेनर तसे नसतात. तुमच्या ट्रेनरला एवढंच विचारा, "सर, हाच डबा मी दुसरीकडून घेतला तर चालेल ना?"

मास गेनर म्हणजे वजन वाढवायची पावडर. तिच्या डब्यामागचा तक्ता वाचा. बहुतेक गेनरमध्ये सगळ्यात जास्त असतं माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली, झटकन पचणारी पावडर. त्यानं काटा पुढे सरकतो, पण बरंचसं पोटावर चढतं. अंबडच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर असलेला एक पोरगा आमच्याकडे यायचा. पगारातून गेनर घ्यायचा आणि दुपारी वडापाववर भागवायचा. त्याला तिसरा डबा मीच विकला. ते मला आजही डाचतं.

व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेली प्रोटीन पावडर, तिच्यात वेगळी भानगड आहे. प्रोटीन मोजताना सहसा नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून हिशेब लावतात. मग ग्लायसिन, टॉरिन असली नायट्रोजन असलेली स्वस्त अमिनो आम्लं मिसळली की प्रोटीनचा आकडा कागदावर फुगतो. घटकांच्या यादीत ही नावं दिसली तर डबा परत ठेवा. २०२४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या, त्यांतल्या जवळपास ७० टक्क्यांच्या लेबलवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. काहींत तर बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिनही सापडलं. आणि रीलमध्ये डबा हातात धरून उभे असतात त्यांतल्या कित्येकांचं अंग स्टेरॉइडच्या इंजेक्शनवर झालेलं असतं. ते कुणी सांगत नाही. पोरं आरशात स्वतःला त्यांच्याशी ताडून बघतात, याची मला फार चीड येते.

बीसीएए म्हणजे तीन अमिनो आम्लांची पावडर. तिच्यावर पैसे घालवूच नका. पुरेसं प्रोटीन खाल्लं की ती आम्लं त्यातच येतात.

तुमच्या वजनाला, व्यायाम धरून, दिवसाला ९० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन भरपूर झालं. ५० ग्रॅम सोया वड्यांत २६, चार अंड्यांत २४, अर्धा लिटर दुधात १६, मूठभर फुटाण्यांत १०. उरलेलं वरण, मटकीची उसळ, भाकरी यांतून सहज निघतं. अंडी चालत नसतील तर पनीर आणि शेंगदाणे वाढवा. किडनीचा त्रास असेल तर मात्र यातलं काही करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

महिनाभर रोजचं खाणं वहीत लिहा आणि इथेच टाका. कुठे कमी पडतंय ते मी बघून सांगतो.