कॉलनीतील मोकाट मांजरांचा बंदोबस्त कसा करावा?

सांगलीतील आपल्या कॉलनीत मांजरे दुचाकीची सीट फाडतात, कुंड्यांत घाण करतात आणि रात्रभर भांडतात, त्यांना पोत्यात घालून कृष्णेपलीकडे सोडावे का, असे आपण विचारले आहे. तसे करू नये. मोकळ्या झालेल्या जागेत, खरकटे मिळत असेपर्यंत, दुसरी मांजरे येतातच.

मुळाशी प्रजनन आहे. मांजरी पाचसहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते आणि साधारण 63 ते 65 दिवसांत विते, त्यामुळे शेजाऱ्यांनी वर्गणी काढून पशुवैद्यकाकडून नर-मादी दोघांचीही नसबंदी करून घेणे हाच टिकाऊ उपाय ठरतो; बोक्यांची भांडणे आणि जागोजागी उग्र वासाची लघवी करणे त्यानंतर बरेच कमी होते.

आमच्या विश्रामबागेतील घरासमोर बांधकामाची वाळू पडली होती, तेव्हा परिसरातील प्रत्येक मांजराने तिचे शौचालय केले. ताडपत्री घालून कडेने विटा ठेवल्यावर तो प्रकार थांबला. कुंड्यांतील मातीवर नारळाच्या करवंट्या पालथ्या घालाव्यात, सीटवर जाड आच्छादन टाकावे आणि मासळीचे पाणी उघड्यावर ओतू नये. फिनेल किंवा डांबराच्या गोळ्या मात्र वापरू नयेत, कारण त्या मांजरांना विषारी असतात. शिवाय प्राण्याला ठार मारणे किंवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार गुन्हा आहे.

मांजर चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जावे.