नातवाचे स्केटिंग आणि घरामागचे तळे

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून एका आजोबांनी विचारले आहे: "कॅनडातल्या ऑटावात राहणारा आमचा ८ वर्षांचा नातू बर्फावरचे स्केटिंग शिकतो आहे. घरामागचे तळे गोठले की तिथेच सराव करू, असे मुलगा म्हणतो. मे महिन्याच्या सुट्टीत पाठीला डबा बांधून नातू पंचगंगेत चांगला पोहायला शिकला, म्हणून मुलाला भीती वाटत नाही. मला मात्र वाटते."

आजोबा, आपली काळजी रास्त आहे. बर्फ फुटून गोठणबिंदूजवळच्या पाण्यात पडलेल्या माणसाला पहिला तडाखा श्वासाचा बसतो. धाप आवरत नाही आणि नाकातोंडात पाणी जाते. श्वास ताब्यात यायलाच साधारण १ मिनिट लागते आणि त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते जेमतेम १० मिनिटे, असा हिशेब मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेख्ट समजावून सांगत आले आहेत. पंचगंगेत कमावलेला दम तिथे पुरत नाही, मग पोहणारा कितीही पट्टीचा असो.

एकट्याने स्केटिंग करायला किमान १५ आणि अनेकांनी मिळून खेळायला २० सेंटिमीटर जाडीचा बर्फ हवा, असे कॅनडाच्या रेड क्रॉसने सांगितले आहे. निळसर, पारदर्शक बर्फ सर्वांत मजबूत. पांढरा, दुधी बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा. राखाडी दिसला तर पाऊलही ठेवू नये. शिवाय एका जागी मोजलेली जाडी पलीकडे असेलच असे नाही, कारण ओढा येऊन मिळतो तिथे, पुलाखाली आणि काठच्या लव्हाळ्यापाशी बर्फ पातळ राहतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की घरामागचे तळे नकोच. उघड्यावरचा आनंद घ्यायचा तर ऑटावातच गोठलेल्या रिडो कालव्यावर स्केटिंगची ७.८ किलोमीटरची वाट आहे, जिथे बर्फाची तपासणी होते आणि लाल झेंडा असेल तेव्हा कोणी उतरायचे नसते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात बर्फ पुरेसा न जमल्याने ती वाट एक दिवसही उघडली नाही, यावरून तिथली माणसे ही गोष्ट किती गांभीर्याने घेतात हे ध्यानात येईल.

शिकण्याची जागा म्हणजे गावातली रिंक, म्हणजेच स्केटिंगसाठी मुद्दाम तयार केलेले बर्फाचे मैदान. थंडी आहे म्हणून आपल्याकडच्या आया दोन-दोन जाड मोजे चढवतात. त्याने बुटात पाय हलतो आणि घोटा लचकतो. एकच पातळ मोजा घालावा, टाच बुटात मागे टेकवून मगच नाडी बांधावी आणि घोट्यापाशी ती सर्वांत घट्ट आवळावी. गुडघे वाकवून उभे राहिल्यावर टाच उचलली जात असेल तर बूट बदलून घ्यावेत. हेल्मेट आणि हातमोजे हवेतच. गळ्यातला मफलर मात्र लोंबता ठेवू नये.

तोल जातो आहे असे वाटताच आणखी खाली वाकून कुशीवर पडायला नातवाला पहिल्याच दिवशी शिकवावे आणि पडल्याबरोबर मुठी मिटून घ्यायला सांगावे, म्हणजे मागून येणाऱ्याच्या बुटाच्या पात्याखाली बोटे सापडणार नाहीत.